टिबुकलीचं एकच पिल्लू

नवघरला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावचा जुना तलाव दिसतो. त्या उन्हाळ्यात टिबुकलीच्या जोडीनं तिथल्या गवतात घरटं केलं. बदकाहून लहान, सारखा बुड्या मारणारा हा पक्षी. पिल्लं तीन निघाली, दोन कावळ्यांनी नेली. उरलेलं एक आईच्या पिसांत घुसून पाठीवर बसायचं, फक्त पट्टेरी डोकं बाहेर. माझे यजमान बायपास झाल्यापासून घरात गप्प बसून असायचे. आता चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहू लागले. "आज त्यानं स्वतः बुडी मारली बरं का!" मी पोळ्या लाटत असताना ते सांगायचे. आपणहून बोलायचे, याचंच मला अप्रूप.

मे महिन्यात तलावाचं सुशोभीकरण सुरू झालं. पाणी उपसायला पंप लागले. पिल्लू पोहायला शिकलं होतं, उडायला नाही. हे काठी टेकत खाली गेले. मागोमाग मी.

"थोडे दिवस थांबता येणार नाही का? तेवढ्यात ते उडेल," त्यांनी ठेकेदाराला विचारलं.

"काका, पावसाच्या आधी काम उरकायचंय. आणि नंतर आपण पांढरी बदकं सोडतोय ना!"

आमच्याच मजल्यावरचे शेजारी बाजूला उभे होते. "अंकल, एक चिड़िया के लिए? अपना लेक व्ह्यू हो जाएगा, सोचो!" म्हणत ते हसले.

हळूहळू डबक्याएवढं पाणी उरलं. मोठी टिबुकली उडून गेली. तिनं घिरट्या घातल्या, परत आली, मग आलीच नाही. पिल्लू चिखलात अडकलं. या पक्ष्यांचे पाय पार शेपटीशी असतात, त्यांना धड चालताही येत नाही. हे बादली आणायला वर गेले. तेवढ्यात घार उतरली. मी ओरडले, चप्पल फेकली. काही उपयोग झाला नाही.

हे धापा टाकत बादली घेऊन आले. "कुठंय?"

काठावर पंपाच्या पाण्यात कपडे धूत बसलेली गावातली म्हातारी म्हणाली, "न्हाय आता."

तलावाच्या उद्घाटनाला ज्येष्ठ नागरिक म्हणून ह्यांना पहिल्या रांगेत बसवलं. नाही म्हणायचं बळ आम्हा दोघांतही नव्हतं. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून निजले. जेवायलाही उठले नाहीत.

नारळ मी वॉचमनला देऊन टाकला.