जिमखान्याची कंपनी झाल्यावर

परवा सकाळी सराव करताना आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघातल्या सुरेखाचा गुडघा फिरला, आणि दुपारपर्यंत तिला कुणी वाली उरला नाही. कॉलेजच्या जिमखान्याची आता वेगळी कंपनी झाली आहे, आणि खेळाडूंकडून करारावर सहीही तीच घेते. उपचाराच्या खर्चाचं विचारलं तर कंपनीचे साहेब म्हणाले, "बाळ, तू आमची नोकर थोडीच आहेस? विद्यार्थिनी आहेस, कॉलेजला विचार." प्राचार्य म्हणाले, "खेळाचं सगळं कंपनीकडे." मग कंपनीच्या जाहिरातीची जर्सी कुणाच्या अंगावर होती?

आज ती कुबडी घेऊन मैदानाशी आली. वाकता येईना, म्हणून कुबडीच्या टोकाला लागलेली माती तिने कपाळाला लावली. मला दाट संशय आहे, करारात ही फट मुद्दाम ठेवलीय.

तुमच्या मुलीने सही करण्याआधी लेखी विचारा: ती पडली तर ऑपरेशनचा खर्च कोण करणार?