वारेबुवा आणि बहिणीची पाटी

रस्त्याकडेचं आणि विजेच्या तारांखालचं गवत औषध मारून जाळायचं, हे वारेबुवांचं काम. बावीस वर्षं पाठीवर पंप! 'वारेबुवा' हे नाव सोबत्यांनी दिलेलं, कारण फवाऱ्याच्या नळीला बुवा लाल फीत बांधत. फीत हलली की गडी पंप उतरवून खाली बसला. "काय बुवा, वारा हो म्हणाला का?" पोरं टर उडवायची. बुवा म्हणायचे, "औषधाला शेजारपाजार कळत नाही. नियम म्हणजे नियम."

नियम त्यांना तोंडपाठ. कुंपणावर 'फवारू नका' अशी सरकारी पाटी असली, तर वीस पावलं लांब राहायचं. पाटी मात्र मालकानं दर वर्षी अर्ज करून नवी घ्यायची.

धाकट्या बहिणीची रोपवाटिका अगदी रस्त्याला लागून. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या रोपांवरच चालायचं. बुवा तीनदा अर्ज घेऊन गेले. ती हसली, "दादा, फवारणारा माझा सख्खा भाऊ, आणि पाटी कशाला लावू?" बुवांनाही आतून गुदगुल्या झाल्या. अर्ज खिशातच राहिला.

त्याच महिन्यात बुवांनी मुकादमाकडे एका सोबत्याची चुगली केली. त्यानं स्वतःच्या मामाच्या कुंपणालगतचं गवत तसंच सोडलं होतं. मुकादम खूश! त्यानं फर्मान काढलं: नातेवाइकांच्या हद्दीत कुणी फवारायचं नाही, टप्पे बदला. बहिणीचा टप्पा आला नेमका त्या सोबत्याकडे. गड्यानं भर वाऱ्यात पंप चालवला. विचारलं तर म्हणे, "पाटी कुठं होती?"

चार दिवसांत रोपांची पानं मुठीसारखी वळली. आठव्या दिवशी वाफ्यात काड्याच उरल्या. बहीण एवढंच म्हणाली, "दादा, तू कुठं होतास रे?"

मग तिनं पाटीसाठी अर्ज केला. मुकादमानं तो बुवांच्याच हातात ठेवला. "जा, पाहणी करून या."

"अहो, बहीण आहे माझी!"

"नातेवाइकांची अट फवारणीला आहे, पाहणीला नाही. नियम आम्ही तुम्हाला शिकवायचे का, बुवा?" कचेरी खदखदून हसली.

बुवा गेले. वाफे खुरपून, भिजवून तयार होते. हिरवं मात्र टीचभरही नाही. पाटी मिळायची ती उभ्या रोपांना.

"कालच बी टाकलंय, दादा. आठवड्यात वर येईल. रोपं आहेत म्हणून लिही ना."

बुवांनी वाफ्यांना दोनदा फेरी मारली, वाकून मातीही पाहिली. मग कुंपणाच्या खांबावर कागद धरला आणि सुरेख अक्षरात लिहिलं: उभी रोपं नाहीत, पाटी देता येत नाही.

बहिणीनं वाचलं. "पुढच्या आठवड्यात फवारणी आहे ना रे?"

"मंगळवारी," बुवा म्हणाले, आणि पेन तिच्यापुढे केलं. "इथं सही कर."