वयनीच्या टाचेवरचा डाग

बातमी आधी नंदाच्या मोबाईलवर आली. काजू कारखान्यात मशीन थांबवून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सुलभावयनी गेली गो." खरं लिहिते, रडू यायच्या आधी मनात आलं... मला का नाही कळवलं? हिलाच का? दीड महिना झाला, तरी ते जात नाही.

मी लातूरकडची. सहावीत शाळा सुटली, आणि नवऱ्याला चिरेखाणीत काम मिळालं म्हणून लांज्याला आले. इथं माझं कुणी नव्हतं. कारखान्यातल्या सुलभाला आम्ही सगळ्या वयनी म्हणायचो; तिनं मला शेजारी बसवून घेतलं, पायानं दांडा दाबून बी फोडायला आणि अख्खा गर काढायला शिकवलं, टरफलाच्या चिकानं हात भाजले तेव्हा खोबरेल चोळलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण तिनं नंदाच्या डब्यातलं बांगड्याचं तिखलं घेतलं, की मी माझा डबा झाकून टाकायचे.

मग माझ्या दंडावरचा तीळ वाढायला लागला, कड वाकडीतिकडी, मध्ये निळसर. झोप उडाली. सुरी लागली की रोग पसरतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. "भितंस कशाला? मी हाय ना," म्हणून वयनी हजेरी बुडवून मला रत्नागिरीला घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, तुकडा काढल्यानं काही पसरत नाही; नुसतं डोळ्यांनी बघून खात्री होत नाही, म्हणून तो तपासायचा, त्याला बायोप्सी म्हणतात. बधिर करायची सुई टोचली तेवढंच दुखलं. दोन टाके पडले, तुकडा बाटलीत गेला. माझा दुसरा हात सगळा वेळ वयनीच्या हातात होता.

निघताना बाईंनी विचारलं, "आणखी कुणाला काही दाखवायचंय?"

वयनीच्या टाचेखाली काळा डाग होता. पाय धुताना मी पाहिला होता. चिकाचे डाग आम्हा सगळ्यांनाच पडतात, पण ते पंधरा दिवसांत सालपटासारखे निघतात; हा वर्षभर तसाच होता. वयनी म्हणाली, "काय नाय." मी बोलू शकले असते. बोलले नाही. त्या दिवशी वयनी माझी एकटीची होती... तिचा पाय पुढं आला असता, तर माझा दंड मागं पडला असता. एवढंच कारण.

माझा रिपोर्ट साध्या तिळाचा आला. वयनीनं पेढे वाटले. सात महिन्यांनी तिचा डाग फुटला, तेव्हा ती नंदाला घेऊन दवाखान्यात गेली. मी चार दिवस दोघींशी बोलले नाही. मग रिपोर्ट आला. कातडीचा कॅन्सर, आणि तो जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

एकदा तिच्या अंथरुणाशी बसून सगळं सांगून टाकलं. ती हसली. "माजा पाय, माजी जीभ. तुजा काय गो त्यात?" मी विचारलं, मग नंदाला का नेलं? "तू रडली असतंस. मंग मी पाय दाखवू की तुजे डोळे पुसू?"

शेवटी शेवटी भेटायला येणाऱ्या बायकांना ती पडवीत पाय धुवायला लावायची आणि तळवे निरखून बघायची, चहा नंतर. आता दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्यात एकमेकींचे तळवे बघतो. परवा माझा पाय मांडीवर ओढून घेत नंदा म्हणाली, "वयनीनं सांगितलान मला, हिचा पाय तूच बघ. ही आपनहून दाखवायची नाय."

तेही तिनं नंदालाच सांगितलं. आतून जळले... पण पाय मागं घेतला नाही.