ग्रहणातले बोंबील

माझ्या सासूबाई आज सकाळी गेल्या.

जाईपर्यंत त्यांची खात्री होती की माझं पहिलं बाळ त्यांच्यामुळे गेलं.

मला तेव्हा चौथा महिना. नणंद जेवायला येणार म्हणून आईंनी मला ओले बोंबील कापायला बसवलं. तेवढ्यात शेजारीण ओरडत आली, "अगो, गिराण लागलाय, अन् पोटुशी सुनेला कापाला बसवलंस?"

कोपरीच्या आमच्या आगरी घरात गरोदर बाई ग्रहणात विळीला हात लावत नाही. आई त्या दिवशी साफ विसरल्या होत्या.

पुढच्या सोनोग्राफीत कळलं, बाळाची कवटी झालेलीच नाही. मेंदूही नाही. ते वाचणार नव्हतं.

मी डोंबिवलीची. ठाण्यात कॉलेजला झूलॉजी शिकवते. गर्भाच्या वाढीचा हाच चॅप्टर दर वर्षी फळ्यावर काढते. काय झालंय ते मला सगळं कळत होतं, आणि काडीचाही उपयोग नव्हता.

आईंना मी ते दिवाळीचा फराळ करताना समजावलं. समोर करंजीची पारी होती.

"आई, सुरुवातीला बाळाच्या पाठीवर पेशींची अशी चपटी पट्टी असते. तिच्याखाली पेशींचीच एक दोरी. दोरी खालून सिग्नल सोडते, कातडी वरून. सिग्नल म्हणजे बारीक रेणू. त्यावरून एकेक पेशी ठरवते, मी काय व्हायचं. पट्टी वळते, कडा मिटतात, नळी होते. पुढे तिचाच मेंदू."

"अन् कडा नाय मिटल्या तं?"

"मग आपल्या बाळासारखं होतं. पण हे पहिल्याच महिन्यात होतं, आई. मला दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आधी. बोंबील तर कितीतरी नंतरचे!"

"मंग सिग्नल का चुकला?"

इथे मी अडकले.

"आपल्या बाळाचं नेमकं काय बिनसलं, ते कुणालाच सांगता येत नाही."

"तं मंग," म्हणून त्यांनी करंजी तेलात सोडली.

आमच्या सायन्सने एवढीशी जागा रिकामी ठेवली होती. आई नेमक्या तिथेच जाऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मला जवळजवळ डांबूनच ठेवलं. विळी, सुरी, कात्री, सगळं कुलपात. सफरचंदसुद्धा त्याच कापून देणार! जाम चिडायचे मी. पण फॉलिक ॲसिडची गोळी मी गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

"तुजा सायन्स बी पाल, माजा बी पाल."

लेक ठणठणीत जन्मली. आईंनी तिच्या टाळूपासून पार कमरेपर्यंत हात फिरवला आणि ढसाढसा रडल्या. मला वाटलं, चला, सुटल्या.

कुठल्या सुटतात!

ग्रहण आलं की आतल्या खोलीत दार लावून बसायच्या. पाण्याचा घोटही नाही. बाहेर आल्या की मला एकच प्रश्न.

काल हॉस्पिटलमध्येही तोच. आवाज फुटत नव्हता.

"बाय, माज्यामुलंच ना?"

"नाही हो आई. लेकीची शपथ. तुमच्यामुळे नाही."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"तू चांगली हायेस, म्हनून सांगतंस."

मी चांगली आहे म्हणून नाही हो, आई.

खरं आहे म्हणून सांगत होते.

आता तरी सुटा यातून. तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.