अगदी गाढ शांती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या चर्चच्या पाळकांना नाही, मुलाला नाही, आणि — खरं सांगायचं तर — देवालाही नाही. त्याला ठाऊक असणारच. पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडाने सांगणं वेगळं, नाही का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी धीर होतोय.

मी कर्वेनगरला राहते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चर्चमध्ये मला सगळे 'प्रार्थनेच्या मावशी' म्हणतात. कुणाचं ऑपरेशन, कुणाचा व्हिसा, कुणाच्या मुलाची सुटत नसलेली दारू — रविवारची उपासना संपली की बाया माझा हात धरतात, "मावशी, प्रार्थनेत आठवण ठेवा." मी डोळे किंचित मिटते आणि म्हणते, "ठेवते हं." ते डोळे मिटणं मला फार छान जमतं.

आठवण मी ठेवत नाही.

म्हणजे — चर्चमध्ये उभी राहून प्रार्थना करते, आणि चांगली करते. चार माणसं ऐकायला असली की माझी जीभ सुटते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. घरी, दार लावून, एकटी — तिथे काही नाही. नवरा गेल्यापासून असं झालं, असं म्हणता आलं असतं; लोकांनी हळहळून मानलंही असतं. पण तो होता तेव्हाही नव्हतंच. आई लहानपणी सांगायची, साध्या साहेबाला भेटायचं तर शिपाई बाहेर बसवून ठेवतो, आणि आपल्याला प्रार्थनेत देवबापाच्या घरात कडी न वाजवता जाता येतं, केवढा हा मान! तो मान मी आयुष्यभर मिरवला. आत मात्र गेले नाही.

एवढंच असतं तर ते माझं माझ्यापाशी राहिलं असतं. पण —

शालिनीचं सांगायला हवं. चर्चमधली माझी मैत्रीण, वारज्याला राहते. नवरा लवकर गेला, नर्सची नोकरी करून तिने एकुलत्या एक मुलीला, करुणाला, वाढवलं. करुणाला स्थळ आलं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, स्वतःचा फ्लॅट, एक रविवार चुकवत नाही. शालिनीला तो पसंत पडला. करुणा घुटमळत होती, पण का ते तिला सांगता येईना. मग आमच्यात जे करतात तेच ठरलं — प्रार्थनेत ठेवायचं. जाणत्या माणसाने त्या निर्णयासाठी प्रार्थना करायची. मनात शांती मिळाली तर तो देवाचा होकार, बेचैनी वाटली तर नकार. करुणा म्हणाली, मावशींना शांती मिळाली तर मी हो म्हणेन.

बघा, काय ठेवलं होतं तिने माझ्या हातात.

आणि मी त्या मुलाला पाहिलं होतं. शालिनीकडे ती मंडळी आली तेव्हा मीही होते. त्याची आई पोह्यांचं कौतुक करत होती. तो खाली गाडी लावून वर आला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या — जरा जोरात, एवढंच — आणि ती बाई वाक्याच्या मधेच थांबली. पोह्यांचं वाक्य तिने पुरं केलंच नाही. मग तो हसून माझ्याशी अदबीने बोलला, मला पंख्याखालची खुर्ची दिली. बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं. इतकी वर्षं वर्गावर काढली. भेदरलेलं माणूस मला ओळखू येत नाही, असं कसं म्हणू?

शालिनीचा फोन आला तेव्हा मी नाताळच्या करंज्या तळत होते. फोन खांद्याला धरलेला, हातात झारा. "शांती मिळाली का हो?" मी प्रार्थना केलीच नव्हती. तसं सांगायचं — प्रार्थनेच्या मावशींनी? बेचैनी म्हणावं, तर ती खोदून खोदून विचारत बसली असती, आणि करंज्या लाल होत होत्या. होय, इतकं क्षुल्लक. मी म्हटलं, "मिळाली. अगदी गाढ शांती."

अगदी गाढ — हे तर कुणी मागितलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

लग्नात आशीर्वादाची प्रार्थना मीच केली. सगळ्यांनी डोळे पुसले.

हाच माझा अपराध, असं वाटलं ना तुम्हाला? मलाही बरीच वर्षं तसंच मानून घ्यायचं होतं. पण खरा पुढे आहे — आणि इथे आलं की मी नेहमी वळून परत जाते.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी करुणा माझ्याकडे आली. एकटी. त्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. पाण्याचा पेला तिने डाव्या हाताने घेतला. उजवा ओढणीखालीच राहिला. मी विचारलं नाही. खाली कुणाची तरी स्कूटर थांबली, किल्ल्या वाजल्या, आणि ती बोलता बोलता थांबली. खिडकीतून बघून आली. मग म्हणाली, "मावशी, एकच विचारते. तुम्हाला तेव्हा खरंच शांती मिळाली होती?"

ती घर सोडायचं ठरवून आली होती. मला कळलं होतं. तिला माझ्याकडून फक्त 'नाही' हवं होतं — तेवढ्यावर ती संध्याकाळी आईकडे गेली असती. आणि माझं काय गेलं असतं? नाव. चर्चमधल्या बायांनी हात धरणं. बस.

मी डोळे किंचित मिटले. म्हटलं, "हो गं. अगदी गाढ."

तिने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकत असेल." आणि त्या घरी परत गेली. मी पेला विसळून पालथा घातला.

ती अजून तिथेच आहे. शालिनी अजून लोकांना सांगते की करुणाचं लग्न मावशींच्या प्रार्थनेवर उभं आहे. ते खरं आहे. आमच्यात असं काही कबूल केलं की शेवटी म्हणतात, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी म्हणत नाही.

गेल्या रविवारी करुणा माझ्या पुढच्या बाकावर होती. बारीक झाली आहे. आम्ही सगळे प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. तिचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता. तो गाडी लावून उशिरा आत आला, तिच्या शेजारी बसला, किल्ल्या बाकावर ठेवल्या. ती वाक्याच्या मधेच थांबली. पुन्हा तिचा आवाज आला नाही.

मी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. आमेन सगळ्यांत मोठ्याने माझंच होतं.