चारनंतर दार उघडत नाही

इंग्रजीतलं जर-तर मला आमच्या बाईंनी शिकवलं ते दार बंद करून.

मी यवतमाळकडची, आठवीत शाळा सोडलेली. इथे पुण्यात एका कंपनीच्या पॅन्ट्रीत चहा-कॉफी करायचे. सुपरवायझर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, इंग्रजी बोलायला शिकलात तर तुम्हाला रिसेप्शनवर बसवतो." बाकीच्या हसल्या. मला ती खुर्ची हवी होती. उभं राहून पाय सुजायचे, आणि गावी आईला फोनवर सांगायला काहीतरी चांगलं हवं होतं.

सकाळची शिफ्ट संपली की कसब्यात बाईंकडे जायचे. शाळेतून रिटायर झालेल्या. आमच्यासारख्यांना फुकट शिकवायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण रीत कडक. बोललेलं वाक्य करून दाखवायचं. 'इफ यू मेक टी, आय विल ड्रिंक इट' म्हणाल्या की मी चहा टाकायचा आणि कसाही झाला तरी त्या संपवायच्या. आपण 'आलीस तर' म्हणतो, म्हणून मी 'इफ यू केम' म्हणायचे. "अजून कुठे आलीय? यायचीय. कम," बाई म्हणायच्या. "आणि पुढे विल लावलंस की सुटका नाही."

'इफ यू कम आफ्टर फोर, आय विल नॉट ओपन द डोअर.' हेही त्यांचंच. एकदा बस अडकली. दार वाजवलं, तर आतून आवाज आला, "चार वाजून गेले." खाली तांब्याच्या भांड्यांची ठोकाठोक चाललेली, आणि मी जिन्यात रागाने धुमसत उभी. फुकट शिकवता म्हणून काय झालं? दुसऱ्या दिवशी मात्र लवकर गेले.

पुढे मी बऱ्यापैकी बोलायला लागले. परदेशी पाहुण्यांना काय हवं-नको ते इंग्रजीत विचारायचे, सुपरवायझरही ऐकायचा. मग एके दिवशी रिसेप्शनवर नवीनच मुलगी बसलेली. मी विचारलं तर म्हणाला, "अहो ताई, बोलण्याच्या ओघात म्हणालो. लिहून दिलं होतं का?"

माझं डोकंच फिरलं. उशीर झाला तर हाफ डे, सांगितल्याशिवाय सुट्टी घेतली तर खाडा. हे सगळं याच तोंडाने सांगितलेलं, आणि त्यातलं एकही कधी ओघात गेलं नाही. धमकी असली की शब्दाचा पक्का. द्यायची वेळ आली की ओघ.

मी म्हणाले, "इफ यू डोन्ट गिव्ह मी द डेस्क बाय मंडे, आय विल लीव्ह."

"वा ताई," तो म्हणाला. "ग्रामर एकदम करेक्ट."

रविवारभर हिशेब करत बसले. मांजरी गावात घेतलेल्या खोलीचं भाडं, हातात दुसरं काम नाही, आईला काय सांगू. सोमवारी गुपचूप जाऊन चहा टाकला असता तर कुणी काही बोललं नसतं. तो हेच धरून चालला होता, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

सोमवारी डेस्कवर तीच मुलगी. तिचा काही दोष नाही, तिला गुड मॉर्निंग म्हटलं. एप्रन आणि आयकार्ड सुपरवायझरच्या टेबलावर ठेवलं.

"एवढं काय मनाला लावून घेता," तो म्हणाला. "चला, चहा टाका."

मी जिना उतरले.

बाईंकडे वेळेच्या बरंच आधी पोचले आणि सगळं सांगितलं. आवाज चढलेला होता. कुणीतरी शाबासकी द्यावी, नाहीतर वेडी तरी म्हणावं.

"इफ यू मेक टी," बाई म्हणाल्या.

मी उठले. रागाच्या भरात साखर दोनदा पडली. बाईंनी कप संपवला.