काय गावला?

मासा हातात आला की सर आधी त्याच्या पोटावर अंगठा ठेवायचे. अगदी हलकेच, डॉक्टर लहान मुलाचं पोट तपासतात तसा. मग मान थोडी वाकडी करून त्या मेलेल्या माशालाच विचारायचे, "काय रे, काय खाल्लंस?"

मासा अर्थातच उत्तर द्यायचा नाही. पण सुरी फिरली की उत्तर मिळणारच असायचं. "तोंडाचं सोडा," सर म्हणायचे, "पोट खोटं बोलत नाही."

चाकणच्या बाजूला आमचं कॉलेज. सर प्राणिशास्त्राचे, मी पदार्थविज्ञानाचा. चिंचवडला आम्ही एकाच सोसायटीत राहायचो, ते दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. त्यामुळे जाणंयेणं माझ्या गाडीतून. मागच्या सीटवर त्यांचा बर्फाचा डबा असायचा. त्यात पिंपरीच्या बाजारातून आणलेली मासळी, कधी सुट्टीत कोकणातून आणलेल्या बाटल्या. माझ्या गाडीला जो वास लागला तो आजतागायत गेलेला नाही. बायको म्हणते, गाडी विका. मी विकत नाही.

सरांचा विषय एकच, कोण काय खातं. समुद्रावरचे पक्षी, म्हणजे कुरव आणि सुरय, कोणते मासे धरतात, आणि ते मासे स्वतः काय खाऊन तिथवर आलेले असतात. दर सुट्टीत हा माणूस किनाऱ्यावरच्या खडकांवर चढून पक्ष्यांनी ओकून टाकलेले काटे वेचायचा. लोक कोकणातून आंबे आणतात, आमचे सर पक्ष्यांची ओकारी आणायचे.

सवय इतकी मुरलेली की स्टाफरूममध्येही प्रत्येकाला तोच प्रश्न. नवीन आलेल्या एका मॅडमना वाटलं, किती मायेनं चौकशी करतात! त्या म्हणाल्या, "पोहे खाल्ले, सर." सर थांबले आणि म्हणाले, "आणि?" मॅडम गोंधळल्या. पोरांनी सरांचं नाव 'पोटोबा' ठेवलं होतं. एकदा प्रयोगशाळेच्या दारावर खडूनं लिहिलं, 'आधी पोटोबा, मग विठोबा'. सरांनी ते पुसलं नाही. खाली लाल खडूनं 'बरोबर' लिहिलं.

शिकवायचे मात्र असे की मी माझा तास सोडून खिडकीशी उभा राहायचो. फळ्यावर तीन रेघा ओढायचे. वरच्या रेघेवर पक्षी, खालच्या रेघेवर मोठे मासे, मध्ये तारली या लहान माशांचा थवा. खालून मोठा मासा रेटतो, म्हणून तारली वर येते. वर आली की पक्षी झडप घालतात.

"तारलीला जायला जागा कुठे आहे?" एकदा त्यांनी विचारलं.

निघोज्याचा एक पोरगा रात्रपाळी करून थेट वर्गात आलेला. डोळे तांबारलेले. तो मागच्या बाकावरून म्हणाला, "न्हाई सर. तारली म्हंजी आमी कंत्राटी पोरं. वर ठेकेदार, खाली कंपनी."

वर्ग हसला. सर म्हणाले, "तुला पैकीच्या पैकी. आता सांग, सकाळपासून काय खाल्लंस?" काहीच खाल्लं नव्हतं. सरांनी आपला डबा त्याच्यापुढे सरकवला आणि तास पुढे चालू ठेवला.

एकदा पितृपक्षात कुणीतरी विचारलं, "सर, कावळा पिंडाला शिवत न्हाई, म्हंजी गेलेल्या माणसाची इच्छा ऱ्हायलेली असती, हे खरं हाय का?"

"हायवेला किती हॉटेलं आहेत ते बघ," सर म्हणाले. "पोट भरलं असेल कावळ्याचं."

पुन्हा हशा. मी खिडकीतून पाहत होतो. सर हसले नाहीत. पाठ फिरवून फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतंच.

आता माझ्या दुःखाबद्दल सांगतो. मी परभणीचा. समुद्रातली मासळी मी नोकरी लागल्यावर चाखली आणि तिच्यावर जीव जडला. खाली दुसऱ्या मजल्यावर सरांचं मालवणकडचं घर, त्यातून घरात आई, म्हटल्यावर मी आमंत्रणाची वाट पाहू लागलो. आमंत्रणं पुष्कळ आली. उकड्या तांदळाची पेज, घावणे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. मासा मात्र कधीच नाही. शेवटी लाज सोडून विचारलं, तर सर म्हणाले, "आमच्या घरात मासा शिजत नाही, राव." दर्याकाठच्या माणसांचं घर, मुलगा माशांचा प्रोफेसर, आणि ताटात वाटाणे! मला वाटलं, कुणा बुवाच्या नादी लागले असणार.

त्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. अंगानं काडी, कपाळाला ठसठशीत कुंकू. संध्याकाळी आम्ही जिना चढताना त्यांना पावलं ओळखू यायची. सर किल्ली काढायच्या आत दार उघडायचं आणि आई विचारायच्या, "काय गावला?"

सर म्हणायचे, "नाय गे, आये."

मग आई बाजूला होऊन त्यांना आत घ्यायच्या. रोज हेच. मी परभणीच्या कानांनी ऐकत होतो. मला वाटायचं, म्हातारी 'गावाला कधी नेतोस' म्हणून विचारते आणि हा बाबा रोज नाही म्हणतो. एक दिवस राहवलं नाही. जिन्यातच म्हणालो, "अहो सर, सुट्टीत एकटेच पळता. एकदा आईंना न्या की गावाला! रोज विचारतात बिचाऱ्या."

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "गावाला नाही हो. गावला. म्हणजे सापडलं. काय सापडलं का, असं विचारते ती."

"काय सापडायचंय?"

सरांनी आत जाऊन दार लावून घेतलं.

उत्तर मिळायला एक शिंगाळा यावा लागला. मोठा मासा, समुद्राच्या तळाशी पडेल ते खाणारा. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका मुलीनं त्याचं पोट उघडलं, तर खेकड्याच्या नांग्यांमध्ये एक बटण निघालं. पांढरं, चार भोकांचं, सदऱ्याचं. पोरं ओरडली, "सर, शिंगाळ्यानं शर्ट खाल्ला!"

सरांनी ते बटण नळाखाली धुतलं. बराच वेळ धुतलं. मग खिशात टाकून म्हणाले, "आज इथेच थांबू."

परतीच्या वाटेवर मोशीच्या पुढे नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. कोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर पुढे, आम्ही मागे. सर समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले.

त्यांचे वडील मासेमारी करायचे. स्वतःची लहान होडी. पाखरं जिथे पाण्यावर पडतात तिथे खाली मासा असतो, हे तिकडच्या पोराटोरांना ठाऊक. एक दिवस होडी किनाऱ्याला लागली होती, वडील जाळं वाळत घालत होते. सर तेव्हा लहान, त्यांना लांब पाखरं पडताना दिसली. "मी ओरडलो, बाबा, थय बघा, पाखरां पडतत! त्यांनी बघितलं. जाळं उचललं आणि होडी पुन्हा पाण्यात घातली."

होडी दुसऱ्या दिवशी मिळाली. वडील मिळाले नाहीत.

"सापडल्याशिवाय तेरावं करू देणार नाही म्हणाली आई. कुंकू पुसू दिलं नाही. आणि माणूस सापडेपर्यंत घरात मासा शिजणार नाही. कुठल्या माशानं काय खाल्लं असेल, कसं सांगणार?" सर खालच्या आवाजात म्हणाले. "मग मामा इकडे कंपनीत होता, त्यानं आम्हाला आणलं."

मला त्यांचा तो अंगठा आठवला, माशाच्या पोटावर ठेवलेला. इतकी वर्षं मी त्याला विनोद समजत होतो.

"बटण कुणाचंही असेल," सर म्हणाले. "समुद्रात काय कमी कपडे पडतात? मला कळतं, राव. आणि तेव्हापासून किती पिढ्या झाल्या असतील माशांच्या. हे मी वर्गात शिकवतो."

त्या संध्याकाळी दार उघडलं आणि आईंनी विचारलं, "काय गावला?" सरांचा हात खिशाकडे गेला. मी पायरीवरच थबकलो. क्षणभर वाटलं, आता काढतात.

"नाय गे, आये," ते म्हणाले.

त्यानंतर वर्षभरानं आईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आपल्याला कळतंच. मी आणि सरांनी उचलून दुसऱ्या मजल्यावर आणलं. वजन नव्हतंच. पलंगावर निजवल्यावर आईंनी डोळे उघडले आणि सवयीनं विचारलं, "काय गावला?"

सर त्यांच्या उशाशी बसले. खिशातून बटण काढलं. इतके दिवस ते रोज खिशात होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते आईंच्या तळहातावर ठेवलं.

"गावला, आये. माशाच्या पोटात गावला."

पोट खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस आईला सुटका मिळावी म्हणून खोटं बोलत होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आईंनी बटण बोटांनी चाचपलं. मग त्यांच्या सुरकुत्या हलल्या. त्या हसत होत्या.

"ह्या तेंचा नाय रे. तेंच्या अंगात सदरो खय होतो? दर्यार ते उघडेच जायत." दम घेऊन त्या म्हणाल्या, "आनी मी तुका मासळी काय गावली ता इचारतंय रे, झिला. घोव दर्यावरसून इलो की बायलेन इचारूचा असता. तूय माशांतलोच. तुका काय वाटला?"

म्हणजे त्यांचं म्हणणं असं, की नवरा समुद्रावरून आला की बायको विचारते तसं त्या रोज नुसतं मासळीचं विचारत होत्या.

"पाखरां तेंका तुझ्याआदी दिसली होती," आई म्हणाल्या. "आता माका बांगडो खावचो आसा. जा."

सरांनी ही गोष्ट आईंना कधीही सांगितली नव्हती. पाखरं आपण दाखवली, हे त्यांनी आयुष्यात फक्त मला सांगितलं होतं, मोशीच्या रांगेत. असं मला तरी वाटत होतं.

आम्ही पिंपरीहून बांगडे आणले. सरांनी स्वतः साफ करायला घेतले. हात सराईत, पण पहिल्याच बांगड्याच्या पोटाशी सुरी थांबली. अंगठा जाऊन बसला. मोरीशी मी, ओट्याशी ते.

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "आतला टाकून दी रे. बघीत बसू नको."

सरांनी पोट चिरलं, मान दुसरीकडे वळवली आणि आतलं सगळं न बघता टाकून दिलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते.

तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट कालवण, केलं. आईंनी दोन घास खाल्ले. सरांनी आख्खा बांगडा खाल्ला, लहान मुलासारखा, काट्यांचे ढीग करत. मीही जेवलो. इतकी वर्षं ज्या जेवणाची वाट पाहिली ते हेच, पण त्याची चव मला सांगता येणार नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आई गेल्या. सोसायटीतल्या बायकांनी त्यांना आंघोळ घातली, तेव्हा पदराच्या टोकाला घट्ट गाठ होती. सोडून पाहिली तर आत बटण. त्यांच्यातल्या एकीनं ते बाहेर आणून सरांपुढे धरलं.

सरांनी बघितलं आणि म्हणाले, "बांधा परत. जाऊ दे तिच्याबरोबर."

मग माझ्या कानाशी आले. "पोट खोटं बोलत नाही, राव. आई बोलते."

पवनेच्या घाटावर सरांनी दोघांचं दिवसकार्य एकदमच केलं, आईचं आणि वडिलांचंही. नदीवर जलपर्णी माजलेली, पलीकडे तारेवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, इच्छा काही उरली नाही. सर म्हणाले, "उपाशी असेल." पण हात जोडलेले होते, ते त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत.

पुढे निवृत्त होईपर्यंत रोज संध्याकाळी सर किल्ली काढायच्या आधी क्षणभर दारापुढे थांबायचे. मला चौथ्या मजल्यावर जायचं असायचं, पण मीही थांबायचो. एकदा धीर करून मीच विचारलं, माझ्या मोडक्या मालवणीत, "काय गावला?" सर हसले. "बघायचं सोडलंय," म्हणाले, आणि कुलूप उघडून आत गेले.

नंतर ते गावाकडे गेले, आणि मागच्या दिवाळीनंतर तिकडेच, झोपेत, वारले. फोनवर त्यांच्या नात्यातल्या एका भाच्यानं सांगितलं की आदल्या दिवशी किनाऱ्यावर बसून होते. जेवले होते का, काय जेवले होते, ते मी विचारलं. तो म्हणाला, "काय ठाऊक नाय, काका." दुसऱ्या मजल्यावर आता आयटीतलं एक जोडपं राहतं. भली माणसं आहेत. त्यांच्या दाराशी मी का थबकतो, हे विचारत नाहीत.

रविवारी मी बांगडे आणतो. साफ मीच करतो. ओट्याशी उभा राहिलो की माझा अंगठा आपसूक पोटावर जाऊन बसतो. बायको बाहेरून हाक मारते, "अहो, काय बघत बसलाय? टाका की ते."

टाकायचं असतं, हे मला माहीत आहे. ज्यांना सांगायचा हक्क होता त्या आईंनी ते सांगूनही ठेवलंय.

पण मी बघतो.